साखळ्या तोडणारी मुलगी

फ्रान्समधील ल प्वी या गावाहून पायी यात्रेला निघाल्याच्या अकराव्या दिवशी सेनर्ग हे गाव मागे पडले आणि वाट चेस्टनटच्या झाडीतून एकदम उताराला लागली. काठी टेकत, गुडघे सांभाळत उतरत असताना खाली कोंक गावाची दगडी पाट्यांची छपरे आणि त्यांच्या मधोमध मठाच्या चर्चचे तीन मनोरे दिसले, तेव्हा सुमारे 200 किलोमीटरचा शीण मी खरोखरच विसरलो.

हे गाव सेंत फ्वा या ख्रिस्ती संतेचे आहे. रोमन अधिकाऱ्यांपुढे आपला धर्म सोडायला नकार दिला म्हणून फ्रान्समधल्याच आजाँ या शहरात ठार मारली गेलेली ही मुलगी जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती, असे परंपरा सांगते. तिच्या अस्थी आजाँलाच होत्या. नवव्या शतकात कोंकचा एक साधू तिथे जाऊन राहिला, वर्षानुवर्षे तिथल्या लोकांचा विश्वास मिळवत गेला आणि एके दिवशी त्या अस्थी घेऊन परतला. ही चोरी कोंकने कधी लपवली नाही, उलट तीच संतेची इच्छा मानली. मला मात्र आजाँच्या लोकांसाठी वाईट वाटले.

फ्वा बंदिवानांना सोडवते, अशी श्रद्धा होती. सुटलेले कैदी आपल्या बेड्या तिला वाहायला इथवर चालत येत आणि गाभाऱ्याभोवतीच्या जाळ्या त्याच लोखंडातून घडवल्या, असे सांगतात. त्या थंड, वळणदार सळ्यांवर मी बराच वेळ हात ठेवून उभा होतो. रात्री एका साधूने चर्चच्या पश्चिम दारावरील अंतिम न्यायाचे, म्हणजे जगाच्या अंती होणाऱ्या देवाच्या निवाड्याचे शिल्प समजावून सांगितले. त्या 124 आकृतींमध्ये फ्वा अगदी लहान आहे: ती ओणवी झाली आहे, ढगातून आलेला देवाचा मोठा हात तिच्याकडे झेपावतो आहे आणि तिच्यामागे कमानींखाली बेड्या टांगलेल्या आहेत. दुपारी मी त्याच दारातून आत गेलो होतो, पण त्या बेड्या माझ्या नजरेला पडल्या नव्हत्या.

रत्नजडित सोन्याने मढवलेली तिची मूर्ती आज कोषागारात आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाचा खजिना गावकऱ्यांनी आपापल्या घरांत दडवला आणि पुढे परत आणून दिला, म्हणून ती वाचली.

सकाळी दुर्दू नदीवरचा जुना पूल ओलांडून मी समोरच्या चढावरील फ्वाच्या छोट्या चॅपेलपाशी (प्रार्थनागृहापाशी) पोहोचलो. यात्रेकरू तिथली घंटा वाजवून गावाचा निरोप घेतात. मीही दोर ओढला. खाली पुलावरून येणाऱ्या दोघी थांबल्या आणि त्यांनी वर पाहून हात हलवला.