खरोखरच फरक कळतो का?

“तुम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा जमता, समोर पाच-सहा प्रकारच्या पोर्ट वाइन मांडता, वास घेता, घोट तोंडात घोळवता, थुंकता आणि मग तासभर वाद घालता, पण खरे सांगा, त्यांतला फरक तुम्हांला खरोखरच कळतो का?” हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की विचारणाऱ्याच्या सुरावरूनच त्याला कोणते उत्तर हवे आहे, ते मला ओळखता येते. काहींना “हो” ऐकायचे असते, म्हणजे महागडी बाटली घेण्याचे समाधान त्यांना मिळते. काहींना “नाही” ऐकायचे असते, म्हणजे हे सारे सोंग आहे अशी त्यांची खात्री पटते. माझे उत्तर दोघांचीही निराशा करणारे आहे. काही फरक डोळे मिटूनही कळतात, काही कितीही प्रयत्न केला तरी कळत नाहीत, आणि यांतली सीमारेषा नेमकी कुठे आहे, हे एकट्याने पिऊन कधीच समजत नाही.

जो फरक हमखास कळतो, त्याचे कारण ही वाइन तयार होण्याच्या पद्धतीत आहे. उत्तर पोर्तुगालमधील दोरू नदीच्या खोऱ्यात, पाटीच्या दगडासारख्या थरांच्या खडकाळ उतारांवर वाढलेली द्राक्षे तुडवली जातात आणि रस आंबू लागतो. दोन-तीन दिवसांत, म्हणजे साधारण निम्मी साखर शिल्लक असतानाच, त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्क असलेले द्राक्षांचे स्पिरिट ओतले जाते. त्यामुळे यीस्ट मरते, आंबणे थांबते, उरलेली साखर तशीच राहते आणि मद्यार्काचे प्रमाण साधारण १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जाते. इथपर्यंत सर्व तांबड्या पोर्टची वाटचाल जवळजवळ एकच असते. पुढे मात्र रस्ता फुटतो: काही वाइन वर्षानुवर्षे लाकडी पिंपात राहते, तर काही थोड्याच काळात बाटलीत जाते आणि तिथेच म्हातारी होते.

पिंपात राहिलेल्या वाइनला लाकडातून हळूहळू हवा लागत राहते. तिचा रंग उतरतो, तांबड्याचा विटकरी आणि विटकरीचा तपकिरी होतो, ताज्या फळांचा वास जातो आणि त्याच्या जागी अक्रोड, सुके अंजीर, संत्र्याची साल, जळक्या साखरेचा कडवट गोडवा असे वास येतात. हीच टॉनी. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच निवडक वर्षाच्या द्राक्षांची पोर्ट, मात्र द्राक्षे काढल्यानंतर दुसऱ्या ते तिसऱ्या वर्षात बाटलीत भरली जाते आणि हवेपासून दूर, बुचाआड, दशके काढते; तिचा गडद रंग, तुरटपणा आणि काळ्या फळांचा दाटपणा बराच काळ टिकतो आणि तळाशी जाड गाळ साचतो. या दोन प्रकारांत गल्लत करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, मग त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पोर्ट चाखली असली तरी. तेव्हा “फरक कळतो का” या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच मिळते.

अडचण सुरू होते ती एकाच घराण्यातल्या भावंडांना वेगळे ओळखताना.

टॉनीच्या बाटलीवर १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात आणि अलीकडे त्यांत ५० ची भर पडली आहे. बहुतेकांना वाटते की २० लिहिले आहे, म्हणजे आतला प्रत्येक थेंब वीस वर्षांचा आहे. तसे नसते. ते निरनिराळ्या वयांच्या वाइनचे मिश्रण असते आणि आकडा त्या मिश्रणाचे वळण कोणत्या वयाचे आहे ते सांगतो. हे वळण जुळते की नाही, याचा निर्णय पोर्ट आणि दोरू वाइनचे नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेतील चाखणाऱ्यांचे मंडळ देते, आणि तेही बाटली कोणाची आहे हे न कळता. म्हणजे ज्या प्रश्नाला लोक आमचा पोरखेळ समजतात, त्याच प्रश्नावर तिथे लेबल मिळणे किंवा न मिळणे ठरते. (एकाच वर्षाच्या द्राक्षांची आणि किमान सात वर्षे पिंपात राहिलेली जी टॉनी असते, तिला कोल्येइता म्हणतात, तिच्यावर मात्र खरोखरीचे साल असते, आणि नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथेच, कारण साल दिसले की तो तिला व्हिंटेज समजतो.)

आम्ही हे स्वतःवर तपासायचे ठरवले, ते एका सोप्या पद्धतीने. एकाने पडद्याआड तीन ग्लास भरायचे, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी. उरलेल्यांनी वेगळा ग्लास कोणता ते सांगायचे. नुसत्या अंदाजानेही तीनांपैकी एकदा उत्तर बरोबर येतेच, म्हणून एकदा जिंकलेल्याने मिशीला पीळ भरू नये, असा आमचा नियम आहे. १० आणि २० वर्षांची टॉनी आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने पुन्हा पुन्हा वेगळी ओळखली: पहिलीत अजून फळाचा ओलावा असतो, दुसरीत सुकामेवा पुढे येतो आणि घोट गिळल्यावरची चव बराच वेळ रेंगाळते. २० आणि ३० मध्ये मंडळींची फाटाफूट झाली. ३० आणि ४० मध्ये माझी स्वतःची कामगिरी अंदाजपंचे उत्तर देणाऱ्यापेक्षा फार वर नाही, हे मी इथे लेखी कबूल करतो. त्या दोन बाटल्यांच्या किमतींतला फरक पाहिला की ही कबुली मला स्वस्तात पडली असे वाटते.

सर्वांत मोठा धडा मला दिला तो पांढऱ्या पोर्टने. पांढऱ्या द्राक्षांपासूनही पोर्ट होते, आणि तिलाही पिंपात दीर्घकाळ ठेवतात. तांबडी वाइन पिंपात रंग गमावत जाते, पांढरी मात्र हळूहळू गडद होत जाते, आणि पुरेशी दशके लोटली की दोघी मधाच्या आणि तपकिरीच्या मधल्या कुठल्याशा रंगावर एकमेकींना भेटतात. एका बैठकीत मुरलेली पांढरी पोर्ट आणि जुनी टॉनी शेजारी ठेवली होती. मी मोठ्या विश्वासाने पांढरीलाच टॉनी ठरवले आणि तिच्यात मला “तांबड्या द्राक्षांचा तुरट कणा” जाणवतो, असेही सांगितले. तो कणा कुठून आला, हे आजही आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य संधी मिळेल तेव्हा विचारतात.

या फजितीनंतर मी डोळ्यांवरचा विश्वास कमी केला. २००१ साली बोर्दो येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग शंकेखोर मंडळी नेहमी पुढे करतात: वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना तांबडा रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. यावरून “कोणालाच काही कळत नाही” असा निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. माणूस आधी पाहतो आणि मग पाहिलेल्याला साजेसे शब्द शोधतो, एवढेच त्यातून दिसते. पोर्टच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण इथे रंग वयाची चुगली करतो. म्हणून आम्ही आता पहिली फेरी अपारदर्शक काळ्या ग्लासांतून घेतो आणि रंग नंतर पाहतो. दोन्ही वेळच्या टिपणांत जे सारखे राहते, तेवढेच खरे मानतो.

बाहेरच्या परिस्थितीचाही परिणाम विचारात घ्यायला हवा. एकदा खोली गरम होती आणि व्हिंटेज पोर्ट बराच वेळ टेबलावर उघडी राहिली होती. मद्यार्काची धग नाकात शिरत होती. आम्ही सर्वांनी एकमताने तिला शेवटचा क्रमांक दिला. पुढच्या महिन्यात त्याच खोक्यातली दुसरी बाटली १६ ते १८ अंशांवर, नीट गाळून, पुन्हा नाव झाकून ठेवली, तर ती पहिली आली. तेव्हापासून आमच्याकडे तापमापक असतो. टॉनी याहून थोडी थंड चांगली लागते. ग्लास अरुंद तोंडाचा, पाव ते एक तृतीयांश भरलेला असावा. पोर्तुगीज वास्तुविशारद आल्वारो सिझा यांनी खास पोर्टसाठी जो ग्लास रेखाटला, त्याच्या दांड्यात अंगठा टेकवायला खाच आहे, म्हणजे तळहाताची ऊब वाइनपर्यंत पोचत नाही. पोर्तू शहरातील ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या फॅक्टरी हाउस या जुन्या संघगृहामध्ये तर दोन जेवणघरे शेजारी शेजारी आहेत: जेवण पहिल्यात आणि पोर्ट दुसऱ्यात, म्हणजे अन्नाचा वास वाइनच्या आड येऊ नये. बुधवारच्या भोजनाला तिथे पाहुण्यांनी व्हिंटेज ओळखण्याची प्रथा आहे. आयुष्यभर याच व्यापारात असलेली माणसेही तिथे चुकतात, ही गोष्ट मला फार दिलासा देते.

आणि थुंकण्याविषयी. ते अनेकांना किळसवाणे वाटते, पण २० टक्के मद्यार्क आणि लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असलेल्या वाइनचे सहा ग्लास गिळून सहाव्याविषयी जो माणूस मत देतो, त्याच्या मताला आम्ही हसून मान डोलावतो आणि वहीत काही लिहीत नाही.

एकट्याने चाखणे आणि चार जणांत चाखणे यांतला भेद मला फार उशिरा उमगला. जिभेला स्मरणशक्ती जवळजवळ नसते. गेल्या महिन्यात प्यालेली वाइन आपल्याला आठवते असे वाटते, पण आठवत असतात ते तिच्यासाठी आपण वापरलेले शब्द. म्हणून दोन ग्लास शेजारी शेजारी असल्याशिवाय तुलना या शब्दाला अर्थ राहत नाही, आणि सहा बाटल्या उघडायच्या तर माणसेही हवीतच, कारण उघडलेली जुनी व्हिंटेज एक-दोन दिवसांतच उतरू लागते (टॉनीला घाई नसते, तिचे हवेशी जुने सख्य असते). शिवाय प्रत्येकाचे नाक वेगळ्या जागी आंधळे असते. आमच्यातल्या एका बाईंना बुचाचा बुरसट दोष इतक्या सूक्ष्म प्रमाणात कळतो की आम्ही बाकीचे “जरा मिटलेली आहे” एवढेच म्हणत असताना त्या ग्लास बाजूला सारतात. मला तुरटपणाची पोत चांगली कळते. या दोन क्षमता एकाच डोक्यात नाहीत, म्हणून त्या एकाच टेबलावर आणाव्या लागतात.

उत्पादकाचे घराणे ओळखता येते का, हा पुढचा प्रश्न असतो. मला क्वचितच येते. साल ओळखणे त्याहून अवघड. २०१६ आणि २०१७ या दोन लागोपाठच्या वर्षांच्या व्हिंटेज बहुतेक मोठ्या उत्पादकांनी जाहीर केल्या. एरवी अशी घोषणा दशकातून साधारण तीनदा आणि मधे अंतर ठेवून होते. त्यामुळे एकाच उत्पादकाच्या या दोन वाइन आम्हांला शेजारी ठेवता आल्या. २०१७ चे वर्ष उष्ण, कोरडे होते आणि द्राक्षांची तोडणी नेहमीपेक्षा बरीच लवकर सुरू झाली होती. ती वाइन मला अधिक मांसल वाटली आणि २०१६ ची अधिक ताठ, नेटकी. पण हे मी लेबले उघड असताना लिहिले होते. झाकून ठेवल्यावर दोन जणांनी बरोबर सांगितले, चौघांनी उलट सांगितले आणि एकाने दोन्ही ग्लासांत एकच वाइन आहे असे छातीठोकपणे सांगितले.

लेट बॉटल्ड व्हिंटेज (एलबीव्ही), म्हणजे चौथ्या ते सहाव्या वर्षात बाटलीत भरलेली पोर्ट, आणि खरी व्हिंटेज यांतला फरक कळतो का, हेही विचारले जाते. न गाळता भरलेली चांगली एलबीव्ही काही वर्षे बाटलीत मुरली की तरुण व्हिंटेजच्या इतकी जवळ येते की मी तिला दोनदा वरच्या पंक्तीत बसवले आहे, आणि दोन्ही वेळा ती टेबलावरची सर्वांत स्वस्त बाटली होती.

गेल्या बैठकीला हाच प्रश्न विचारणाऱ्या एका स्नेह्यांना मी मुद्दाम बोलावले. त्यांच्यासमोर तीन काळे ग्लास ठेवले, १० आणि २० वर्षांच्या टॉनीचे. त्यांनी एकेक घोट घेतला, थोडा वेळ गप्प बसले, मधला ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाले, “हा वेगळा आहे, पण का ते विचारू नका.” उत्तर बरोबर होते. आम्ही लगेच दुसरे तीन भरले, कारण तीनांत एकदा कोणाचेही बरोबर येते.