विळी माळ्यावर गेली तेव्हा

घरातली विळी सापडेना म्हणून आईने आठवडाभर कोथिंबीर कात्रीने कापली. शेवटी ती माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे, जुन्या धोतरात गुंडाळलेली मिळाली. ठेवली होती धाकट्याने. वय १९. बाबा ती खाली काढायला लागले तसा तो अंगावर धावून गेला आणि असं ढकललं की बाबा फ्रिजवर आपटले. कधी 'अरे'ला 'कारे' न करणारा मुलगा! मामा म्हणाला, माजलाय, दोन ठेवून द्या.

खरं काय ते त्याने मला रात्री गच्चीवर सांगितलं. "ताई, माझ्या हातून आईला काहीतरी होईल असं सारखं वाटतं. विळी दिसली की तेच डोळ्यापुढे येतं." जिवाच्या धास्तीने त्याने एक उपाय शोधला होता, तोच आम्ही हिसकावत होतो.

पहिल्या डॉक्टरांनी ओसीडी, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा मनात घुसण्याचा आजार, सांगून गोळी सुरू केली. दोनेक आठवड्यांत त्याची झोप दोन तासांवर आली. रात्री तीनला हॉल रंगवायला काढला, अडवलं तर शिवीगाळ. घरात आधी कुणाला असं काही होतं का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. आजोबांचे धाकटे भाऊ महिना-महिना झोपायचे नाहीत, भरल्या हाताने पैसे उधळायचे. पण त्यांचा विषयच आमच्याकडे निघत नसे. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. बायपोलर, म्हणजे मूड कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याचा आजार, असेल तर ओसीडीच्या नेहमीच्या गोळ्या एकट्या दिल्याने मूड उसळू शकतो, म्हणून आधी मूड स्थिर करायचा, असं त्यांनी समजावलं.

मूड स्थिर करणारं लिथियम सुरू झालं. रक्तात ते किती आहे याची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करायची असते. आम्ही पहिल्यांदा सकाळची गोळी देऊनच लॅबमध्ये नेलं, आकडा वर आला आणि नुसती धांदल. थायरॉइड आणि किडनीची तपासणीही अधूनमधून होते. पाणी भरपूर, मीठ एकदम तोडायचं नाही, अंग दुखलं तरी मनाने आयबुप्रोफेन घ्यायचं नाही. निर्जळी उपवास बंद झाला, त्यावर आजी अजून रुसलेली आहे.

कालनिर्णयवर आई दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकटीत मी त्याच्या झोपेचे तास लिहायला लागले. दोन महिन्यांत कळलं की त्याचा राग दोन प्रकारचा आहे. झोप उडालेल्या दिवसांत तो कशावरूनही भडकायचा आणि वर स्वतःचंच खरं करायचा. धास्तीचा राग मात्र विळी, कात्री, आईच्या शेजारी बसणं यांच्याच भोवती. तासाभरात रडून मोकळा. पहिला दिसला की डॉक्टरांना फोन. एकदा रात्री त्यांचा फोन लागेना तेव्हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर मराठीत बोलता आलं.

दुसऱ्या, धास्तीच्या रागासाठी जे करायचं होतं ते आईला फार जड गेलं. "मी तुला काही केलं नाही ना?" असं तो दिवसातून तीसदा विचारायचा आणि ती दर वेळी "नाही रे राजा" म्हणायची. मूड सावरल्यावर सायकॉलॉजिस्टनी ते उत्तर बंद करायला सांगितलं. उत्तराने घटकाभर बरं वाटतं, मग भीती दुप्पट मागते. आई बाथरूममध्ये नळ सोडून रडायची, पण उत्तर दिलं नाही. मग विळी ओट्याखाली आली, काही दिवसांनी आई त्याच्यासमोर भाजी चिरायला लागली. पुढे एक दिवस तो स्वतः विळीवर बसला, आईला शेजारी बसवून. एक काकडी चिरायला वीस मिनिटं लागली, फोडी बोटभर जाड, शर्ट घामाने भिजलेला. कोशिंबीर कसली, पण आम्ही सगळ्यांनी खाल्ली.

आता तो परत होस्टेलला आहे. परवा रात्री फोन आला. "ताई, आई ठीक आहे ना?"

मी जरा थांबले. "जेवलास का?"

तोही थांबला. मग म्हणाला, मेसच्या पिठल्यात गुठळ्या होत्या.