एकोणसाठचे एकोणपन्नास

मे महिन्यातली दुपार होती आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावर वळीव कोसळत होता. विजा जवळ आल्या की रॅम्पवरची, म्हणजे विमानं उभी राहतात तिथली, कामं बंद होतात. इंधनाची गाडी नळी काढून बाजूला होते, सामान चढवणारी पोरं आडोशाला पळतात आणि विमान नुसतं भिजत उभं राहतं. आमचं ए-३२० दिल्लीला जायचं होतं. मागच्या फेरीमुळे ते आधीच तासभर उशिरा आलं होतं, त्यात ही चाळीस मिनिटं.

आमच्याकडे उशिराला क्रमांक असतात. ९३ म्हणजे मागचं विमानच उशिरा आलं; ते कुणालाच लागत नाही. बाकीचे बरेचसे क्रमांक मात्र कुणाच्या तरी गळ्यात पडतात. त्यामुळे पाऊस थांबला रे थांबला की प्रत्येकाला आपलं काम आधी उरकायचं असतं, दुसऱ्याच्या आधी.

मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक होतो, नवाच. कॅप्टन मॅडम साताऱ्याच्या. कमी बोलणाऱ्या. विमानाला फेरी मारायला मी छत्री घेऊन उतरलो. ही फेरी नाकापासून सुरू होते आणि नाकापाशीच संपते. डाव्या चाकांपाशी वाकलो होतो तेवढ्यात लोडर्सच्या मुकादमाने विचारलं, "साहेब, मागचा सामानाचा होल्ड उघडू का?" त्याला उत्तर दिलं आणि परत वळलो, तर ब्रेक किती झिजलाय ते दाखवणारी पिन बघितली होती की बघायची होती, ते आठवेना. माझ्या इन्स्ट्रक्टरने घोटून घेतलं होतं की मध्ये कुणी बोललं तर पहिल्यापासून सुरुवात करायची. मी नाकापाशी गेलो आणि पुन्हा सगळी फेरी मारली. बूट भिजले, पण स्वतःवर खूश होतो.

कॉकपिटमध्ये आलो तर तिथे बाजार भरलेला. इंधनाची पावती, टेक लॉग म्हणजे विमानाच्या दुरुस्त्यांची वही घेतलेला इंजिनिअर, दोन प्रवासी सापडत नाहीत म्हणून दारात उभी केबिन इनचार्ज. रेडिओवर टॉवर सांगतोय, वारा फिरला, धावपट्टी २८ नाही, आता १०. आणि डिस्पॅचचा मुलगा, "मॅडम, आठ मिनिटांत पुशबॅक नाही झाला तर दिल्लीचा स्लॉट जातो. पुढचा पन्नास मिनिटांनी." पुशबॅक म्हणजे विमान मागे ढकलणं, स्लॉट म्हणजे निघायची नेमून दिलेली वेळ. पन्नास मिनिटं गेली तर आमचे ड्युटीचे तास भरणार, म्हणजे दिल्लीहून परतीच्या फेरीला दुसरा क्रू शोधावा लागणार. हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

या सगळ्यात लोड अँड ट्रिम शीट, म्हणजे विमानाच्या वजनाचा कागद आला. विमान, माणसं आणि सामान मिळून, इंधन सोडून जे वजन होतं ते झिरो फ्युएल वेट. शीटवर ५९.८ टन होतं. मी ते कॉम्प्युटरमध्ये टाकायला घेतलं आणि खांद्यामागून इंजिनिअर म्हणाला, "सर, इथे सही लागेल." मी मान वळवून "हो, एक मिनिट" म्हटलं. बोटं थांबली नव्हती. ४९.८ टाकलं गेलं.

इथवर चूक साधी होती, आणि अशी चूक पकडायलाच तर दोन पायलट असतात. टेकऑफचे वेग दोघांनी आपापल्या टॅबलेटवर, स्वतः शीट वाचून काढायचे आणि मग जुळवायचे, असा नियम. पण शीट तोवर टेक लॉगखाली गेली होती. मॅडमनी तिच्यावर सही केली होती खरी, पण तेव्हा त्यांचं लक्ष त्या दोन हरवलेल्या प्रवाशांच्या सामानाकडे होतं. इंटरफोन कानाला लावूनच त्यांनी विचारलं, "टेकऑफ वेट किती धरलंस?" मी समोरच्या स्क्रीनवरून वाचलं, "एकोणसाठ पॉइंट चार."

चुकीच्या ४९.८ मध्ये इंधन मिळवलं की ५९.४ होतात. आणि एकोणसाठ हा शब्द आम्हा दोघांच्याही कानांत आधीपासून होता, शीटवरच्या ५९.८ मुळे. त्यामुळे कुणालाच खटकलं नाही. त्यांनी तोच आकडा टाकला, मीही टाकला. दोन्ही टॅबवर तंतोतंत तेच वेग. जुळणारच की. विहिरीतलं पाणी दोन तांब्यांत काढून एकमेकांशी ताडून बघण्यातला प्रकार!

पावसाआधी काढलेले वेग वेगळे होते, तेही माझ्या लक्षात आलं होतं. पण मधल्या काळात हवा गार झाली, वारा फिरला, धावपट्टी बदलली. आकडे बदलले त्यात काय नवल, असं मीच मला सांगितलं. घाई असली की माणसाला कारणं फार पटकन सापडतात.

दारं बंद झाली. पाच मिनिटं शिल्लक होती. पुशबॅक मागायला मी बटणाकडे हात नेला.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "ग्रीन डॉट किती दाखवतोय?"

पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप पूर्ण मिटलेले असताना ज्या वेगाला हवेची ओढ सर्वांत कमी, तो ग्रीन डॉट. कॉम्प्युटर तो वजनावरून काढतो. ए-३२० वर त्याचा तोंडी हिशेब सोपा आहे, टनांची दुप्पट अधिक ८५.

"दोनशे चार."

"मागे किती माणसं आहेत?"

"एकशे शहात्तर."

"दिल्लीचं इंधन पोटात, विमान जवळजवळ भरलेलं, आणि दोनशे चार? सव्वादोनशेच्या आसपास असायला हवा. शीट काढ."

मी टेक लॉग उचलला. खाली ५९.८. माझी कानशिलं तापल्याचं आठवतं, बाकी काही नाही. टेकऑफ वेट ६९.४ होतं, आणि आम्ही दहा टन विसरून निघालो होतो, साडेतीनच्या सुमारास एका ओल्या, जेमतेम अडीच किलोमीटरच्या धावपट्टीवर. नाक उचलायचा वेग दहा-बारा नॉट कमी धरलेला, आणि इंजिनांचा जोरही त्या हलक्या वजनापुरताच.

यावर घंटा वाजत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत नीट उमगलंच नव्हतं. फ्लॅप लावायचे राहिले तर ए-३२० टेकऑफला ओरडतं. वजन चुकीचं सांगितलं तर ते त्यावर विश्वास ठेवतं.

मॅडमनी ग्राउंडला कळवलं, आम्ही तयार नाही. मग सगळं पहिल्यापासून. शीट मध्ये ठेवून, दोघांनी वेगवेगळं वाचून. स्लॉट गेला. डिस्पॅचच्या मुलाने खालून हेडसेटवर विचारलं, उशिराचं कारण काय टाकू? मॅडम म्हणाल्या, "कॉकपिट क्रू टाक." मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाल्या, "वजन तुला मी विचारलं. शीट मागायला हवी होती."

दहा हजार फुटांखाली आम्ही कामाशिवाय बोलत नाही. त्या वर गेल्यावर त्यांनी मेलबर्नचं सांगितलं. मार्च २००९, एमिरेट्सचं ए-३४०, दुबईला निघालेलं. वजन ३६२.९ टन, हिशेबात घेतलं २६२.९. शेपूट धावपट्टीवर घासत, टोकापलीकडचा अँटेना तोडत ते कसंबसं उठलं आणि परत येऊन उतरलं. आत २७५ जण होते, कुणाला इजा झाली नाही. त्याच्या सहा वर्षं आधी ऑकलंडला सिंगापूर एअरलाइन्सच्या ७४७ चंही तसंच, शंभर टनांचा फरक आणि घासलेली शेपूट.

"ते काय नवखे होते का?" मी विचारलं.

"नाही रे. त्यांनाही कुणीतरी मध्ये काहीतरी विचारलं असेल."

परतीची फेरी दुसऱ्या क्रूने नेली. दिल्लीच्या हॉटेलवर मी सेफ्टी रिपोर्ट लिहिला, दोनदा खोडून. आधीच्या दोन मसुद्यांत इंजिनिअर पहिल्या वाक्यात आला होता, तिसऱ्यात मी आलो.

आता मी डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर बसतो. शीट हातात आली की दुसरा हात वर करतो, तळवा समोरच्याकडे. आकडा टाकून, वाचून होईपर्यंत कुणाशी बोलत नाही; सही मागणारा इंजिनिअर असो की चहा विचारणारी केबिन क्रू. पुण्यातली काही मंडळी मला पाठीमागे ट्रॅफिक हवालदार म्हणतात, हेही कानावर आहे.

गेल्या आठवड्यात सोबत एक नवा मुलगा होता. नाशिकचा. तो शीट वाचत असताना मी सहज विचारलं, "जेवायला काय सांगू तुला, व्हेज?" त्याने स्क्रीनवरची नजर न काढता तळवा माझ्या नाकासमोर धरला.

मी गप्प बसलो.