मागे फिरायची सोय : आमच्या दोन डिझाइन प्रकल्पांची खबरबात

मंडळी, पावसाळ्यानंतरची ही पहिली नोंद. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडी ओळख करून देते. आम्ही नागपुरातल्या वेगवेगळ्या कॉलेजांतले काही विद्यार्थी आहोत. कुणी मेकॅनिकलला, कुणी गृहविज्ञानाला, एक जण फार्मसीला. इंटरफेस डिझाइनचा, म्हणजे ॲपचा पडदा वापरायला सोपा करण्याचा, नाद हेच आमचं नातं. शनिवारी संध्याकाळी एकाच्या गच्चीवर जमतो, कागद पसरतो आणि अंधार पडेपर्यंत वाद घालतो.

सध्या दोन कामं हातात आहेत. पहिलं, मोजक्या पैशांत कपडे घेणाऱ्या मुलींसाठी. दुसरं, इथल्याच मोमिनपुऱ्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या आणि इंदोऱ्यातल्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी यासाठी. दोन्हीकडे आम्ही गेलो ते स्वस्ताई हाच प्रश्न आहे असं धरून. स्वस्त कपडा कुठे मिळतो ते दाखवा, फुकट धडे द्या, झालं. पण लोकांशी बोलताना दोन्हीकडे एकच धास्ती पुन्हा पुन्हा ऐकू आली: चुकलं तर मागे फिरता येईल का? आता आमचं सगळं डिझाइन त्या एका प्रश्नाभोवती फिरतंय.

आधी कपड्यांचं सांगते.

बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, संध्याकाळी फुटपाथवरच्या गाड्यांशी थोडा वेळ थांबून पाहा. ट्रायल रूमचा प्रश्नच नाही. मुली कुर्ता खांद्याला लावून मैत्रिणीला विचारतात. जीन्स घ्यायची तर कमरेचा पट्टा मानेभोवती गुंडाळून टोकं जुळतात का पाहतात. गोंदिया-भंडाऱ्याकडून शिकायला आलेली, हॉस्टेलला राहणारी एक मुलगी आम्हाला म्हणाली, "दोनशेचा कुर्ता महाग नाही ना ताई, पण नाही बसला त दोनशे गेले, अन् आईले काय सांगू?" हे वाक्य आम्ही मोठ्या अक्षरात लिहून गच्चीच्या भिंतीवर चिकटवलंय.

लेबलवरच्या मापाचा भरवसा धरता येत नाही. एका कंपनीचा एम दुसरीच्या एलएवढा भरतो. आपल्याकडे तयार कपड्यांची मापं बरीचशी परदेशी तक्त्यांवरून आली, म्हणून तर निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने भारतीय शरीरांची मापं घेण्याचा इंडियासाइझ प्रकल्प हाती घेतला. तो तक्ता गाडीवरच्या कुर्त्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर काय करायचं, याचं उत्तर आपल्या घरातच होतं. शिंप्याकडे जाताना बाई मापाचा ब्लाऊज घेऊन जाते. अंगाचं माप सांगत बसत नाही, अंगाला नीट बसलेला ब्लाऊज समोर ठेवते आणि म्हणते, असाच शिवा.

आमच्या ॲपचा गाभा तोच आहे. आपल्याला उत्तम बसणारा एक कुर्ता निवडायचा, पलंगावर सपाट पसरायचा, सुरकुत्या हाताने काढायच्या आणि टेपने चार मापं घ्यायची: बगलेपासून बगलेपर्यंत, खांदा, बाही, उंची. बगलेतलं माप अठरा इंच आलं तर छातीचा घेर छत्तीस. त्यात शिंपी ज्याला लूज म्हणतात ते, म्हणजे अंगापेक्षा कपड्यात ठेवलेली जास्तीची ढिलाई, आपोआप धरलेलं असतं, कारण आपण अंग मोजलेलं नाही, आवडीचा कपडा मोजलाय. घट्ट आवडणारीचं लूज वेगळं, सैल आवडणारीचं वेगळं, आणि ॲपला त्यातलं काही विचारावं लागत नाही. बाजारात गाडीवरचा कुर्ता तसाच सपाट धरायचा, टेप लावायची, आकडा टाकायचा. स्क्रीन सांगते, तुमच्या कुर्त्यापेक्षा छातीत एक इंच कमी, बाहीत अर्धा इंच जास्त.

इथवर सोपं होतं. खरा रस पुढच्या पायरीत आहे. एक इंच कमी म्हणजे घेऊच नये का? आमच्यातल्या एकाचे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीत होते. (1877 च्या 1 जानेवारीला, राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं त्या दिवशी सुरू झाली म्हणून हे नाव; जमशेटजी टाटांची ही मिल.) आजोबांनी नुसती मापं पाहून मान हलवली आणि कुर्ता उलटा करायला सांगितला. आत शिवणीला मार्जिन किती आहे ते पाहा म्हणाले. दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण इंच कापड सोडलेलं असेल तर शिवण उसवून इंच-दीड इंच वाढवून मिळतो. मार्जिन नसेल आणि कडेला थेट ओव्हरलॉक (कापडाची कड बांधणारी मशीनची शिलाई) मारलेलं असेल, तर तो कुर्ता लहानाचा मोठा होणं नाही. मोठ्याचा लहान मात्र केव्हाही होतो. मग त्यांनी कुर्ता दोन्ही खांद्यांना धरून लोंबकळू दिला. बाजूची शिवण सरळ खाली यायला हवी. ती पुढच्या बाजूला वळत असेल तर कापड धाग्याला धरून कापलेलं नाही, धुतल्यावर आणखी पिळेल. आणि सुती असेल तर पहिल्या पाण्यात आटणार, तेवढं उंचीत जास्त धरून घ्या.

या तीन गोष्टींची आम्ही तीन चित्रं केली. माप जुळलं नाही तर स्क्रीन लाल होत नाही, ती म्हणते, "उलटा करून पाहा." मार्जिन असलं तर वाढवता येईल, नसलं तर ठेवून द्या. म्हणजे मुलीला दुकानातच, पैसे हातात असताना, कळतं की या कपड्याला मागे फिरायची वाट आहे की नाही. ॲपचा कागदी नमुना घेऊन गेलो तेव्हा मुली सगळ्यात जास्त वेळ याच चित्रांवर थांबल्या. एकीने तर तिथल्या तिथे गाडीवरचे कुर्ते उलटे करायला सुरुवात केली आणि गाडीवाले भाऊ हसायला लागले.

त्याखाली आम्ही 'पडलेला भाव' अशी एक ओळ ठेवली आहे. कुर्त्याची किंमत, फिटिंगचे पैसे आणि बसचं किंवा मेट्रोचं भाडं, सगळं मिळून. गांधीबागेत स्वस्त मिळालेलं कापड शिलाई धरली की कितीला पडतं, हेही त्यातच दिसतं. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे छापील किमतीच्या वस्तूला वेगळा कर मिळवायचा नाही. ही सूचना बारीक अक्षरात आहे, पण आहे.

दुकानातल्या पाट्यांबद्दलही एक स्क्रीन आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी आपण सगळे वाचतो आणि गप्प बसतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मात्र माप बसलं नाही म्हणून परत करण्याचा हक्क यातून मिळत नाही, ही तरतूद सदोष मालापुरती आहे. स्क्रीनवर हे दोन्ही सारख्या ठळकपणे लिहायचं यावर आम्ही ठाम आहोत. अर्धा हक्क सांगून मुलीला दुकानदाराशी भांडायला पाठवणं बरोबर नाही.

फोटो घेण्याची सोय आम्ही काढून टाकली. बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांचा किंवा भावाचा असतो. स्वतःच्या कपड्यांचे फोटो त्या गॅलरीत राहावेत असं कुठल्या मुलीला वाटेल? फक्त आकडे, तेही फोनवरच, इंटरनेटशिवाय चालणारे. हे लहान दिसतं, पण माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

आता मोमिनपुरा.

तिथल्या एका शाळेतल्या आपांनी, म्हणजे बाईंनी, आम्हाला शाळा सुटल्यावरचा वेळ दिला. संगणक खोली आहे, संगणकही आहेत, पण मुली माउसला हात लावताना एकमेकींकडे बघतात. "आपा, खराब हो गया तो?" हे आम्ही इतक्यांदा ऐकलं की पहिल्या बैठकीनंतर संगणक बंदच ठेवायचं ठरवलं आणि अंगणात खडू घेऊन उतरलो.

न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातून सुरू झालेला सीएस अनप्लग्ड हा संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवणारा उपक्रम तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्यातलं क्रमवारीचं जाळं आम्ही काढलं. सहा मुली, प्रत्येकीच्या हातात एक आकडा. खडूच्या रेघांवरून चालायचं, दोघी एका चौकोनात भेटल्या की आकडे पाहायचे, लहान आकडा डावीकडच्या रेघेने जाईल, मोठा उजवीकडच्या. असे बारा चौकोन पार झाले की पलीकडे सहाही जणी बरोबर चढत्या क्रमाने उभ्या असतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा टाळ्या वाजल्या. मग आपांनीच सुचवलं, आता उलट चालत आपापल्या जागी परत जा.

जाता येईना. शेवटच्या चौकोनात परत आल्यावर दोघींपैकी कुणी कुठल्या बाजूने आली होती, हे त्या चौकोनाला ठाऊकच नाही. मुलींमध्ये जोरात चर्चा झाली. एकीने कुंडीतले खडे आणले. येताना दोघींनी बाजू बदलली तर चौकोनात एक खडा टाकायचा, नाही बदलली तर रिकामा सोडायचा. परतताना खडा दिसला की पुन्हा बाजू बदलायची आणि खडा उचलायचा. पुन्हा चालल्या, पुन्हा उलट फिरल्या, आणि सहाही जणी जिथून निघाल्या होत्या तिथे पोचल्या.

मित्रांनो, संगणकातलं अनडू, म्हणजे कंट्रोल-झेड दाबून केलेलं मागे घेणं, हेच. यंत्र जादू करत नाही, प्रत्येक पावलाला खडा टाकतं. त्या मुलींनी ते स्वतः शोधलं. नंतर खोलीत जाऊन आम्ही संगणक सुरू केले आणि ड्रॉइंगच्या पानावर मुद्दाम रेघोट्या ओढून एकेक मागे घ्यायला सांगितलं, तेव्हा भीती बरीच ओसरली होती. एक मुलगी प्रत्येक कंट्रोल-झेडला "खडा, खडा" म्हणत होती.

या मुलांसाठी आम्ही पडद्यावरचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं एक ॲप करतोय, त्यात आता खड्यांची पट्टी आहे. प्रत्येक ठोकळा जोडला की पट्टीवर एक खडा येतो. कुठल्याही खड्यावर बोट ठेवा, प्रोग्रॅम त्या वेळी होता तसा दिसतो. अनडू हे बहुतेक ठिकाणी कोपऱ्यातलं छोटं चिन्ह असतं, आमच्याकडे ते पडद्याचा सर्वांत ठळक भाग आहे. इंटरफेस डिझाइनचे जाणकार जेकब निल्सन यांच्या 1994 च्या दहा सूत्रांत वापरणाऱ्याला सहज बाहेर पडता यावं असं एक सूत्र आहेच. पण ज्याच्या घरी संगणक नाही त्याच्यासाठी ते दहांतलं एक नसून पहिलं आहे.

उर्दूने आम्हाला भरपूर कामाला लावलं आणि मजा आणली. लिपी उजवीकडून डावीकडे, त्यामुळे खड्यांची पट्टीही उजवीकडून वाढते. मागे जाण्याचा बाण उजवीकडे वळतो. पण चालू करण्याचं त्रिकोणी चिन्ह वळवायचं नाही, घड्याळाचे काटेही नाहीत. आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच लिहिले जातात, त्यामुळे एकाच ओळीत दोन दिशा येतात. फॉन्टचा प्रश्न त्याहून मोठा. मुलींची पुस्तकं नस्तालीक या तिरक्या वळणाच्या उर्दू लिखाणात असतात. नस्तालीक शब्द तिरका खाली उतरत जातो, तेव्हा मराठीच्या मुक्ता फॉन्टला पुरणारी बटणाची उंची नोटो नस्तालीक या उर्दू फॉन्टला पुरत नाही, खालचे नुक्ते (अक्षरांची टिंबं) कापले जातात. नस्ख हे सरळ ओळीतलं वळण वापरलं तर बसतं, पण मुली ते अडखळत वाचतात. आम्ही बटणंच उंच केली. मराठीतही त्याने वेलांटी-उकारांना श्वास घ्यायला जागा मिळाली.

बाणाचं कोडं चाचणीत सुटलं. घरचे फोन इंग्रजीत, शाळेची पुस्तकं उर्दूत, त्यामुळे कुणाला डावा बाण मागे नेणारा वाटतो, कुणाला उजवा. आता बाणाशेजारी उर्दू लिपीत 'वापस' हा शब्द आहे आणि कुणी थबकत नाही.

इंदोऱ्यातल्या अभ्यासिकेत काम वेगाने पुढे गेलं, कारण तिथे अभ्यासाची शिस्त आधीपासून आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दादा-ताई रात्री उशिरापर्यंत बसतात आणि तेच लहानांना शिकवतात. आम्ही लहानांना शिकवणं थांबवून त्या दादा-ताईंनाच शिकवतोय. सरकारी व्याख्येत इंदोऱ्यातले बौद्ध आणि मोमिनपुऱ्यातले मुस्लिम हे दोन्ही अधिसूचित अल्पसंख्याक समाज आहेत, पण दोन्हीकडच्या गरजा इतक्या वेगळ्या निघाल्या की एकच 'अल्पसंख्याकांसाठी' धडा बनवण्याचा विचार आम्ही सोडून दिलाय. साधन एक, धडे दोन.

पुढची कामं. कपड्यांच्या ॲपमध्ये सलवार आणि जीन्स यायच्या आहेत. जीन्सला पुढचा उतार (कमरपट्ट्यापासून दोन्ही पायांच्या जोडापर्यंतचं माप) आणि मांडीचा घेर कसा मोजायचा हे शिंपीकाकांकडून शिकतोय. खड्यांची पट्टी जुन्या, दोन जीबी रॅमच्या फोनवर अडखळते, कारण आम्ही प्रत्येक खड्याला अख्खा प्रोग्रॅम साठवतो. फक्त झालेला बदल साठवला तर हलकं होईल, अंगणातल्या मुलींनी केलं तसंच. हे कुणी आधी केलं असेल तर सांगा. आणि कुणाकडे चालू स्थितीतला जुना अँड्रॉइड फोन पडून असेल तर चाचणीसाठी हवा आहे, पडद्याला तडा असला तरी चालेल.