आठ सांध्यांचं स्टूल आणि खांद्याशी उरलेली फट

चार पाय, चार आडव्या पट्ट्या, आठ सांधे. खिळा-स्क्रू न लावता स्टूल करायचं तर काम एवढंच. करवत, रंधा, गुण्या इथवर सगळं बिनबोभाट झालं. डोकं फिरवलं ते एकाच गोष्टीने. कुसू (पट्टीच्या टोकाला कोरलेली पातळ जीभ) पायातल्या भोकात पूर्ण गेलंय असं वाटायचं, तरी खांदा (कुसाच्या मुळाशी राहिलेली पट्टीची पायरी) पायाला टेकेना. अर्धा मिलिमीटर फट, आणि ती नेमकी समोरून दिसणारी!

पाय ४० बाय ४० मिमी, पट्टी २० मिमी जाड, कुसू ६ मिमी. कुसू पट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश घेतात, पण शेवटचा शब्द पटाशीचा, म्हणजे भोक कोरायच्या सपाट धारेच्या हत्याराचा. समांतर रेघा ओढायच्या गेजच्या दोन टोचण्यांमध्ये ६ मिमीची पटाशीच धरून माप पक्कं करा, मोजपट्टीवर वाचू नका.

फट दिसताच मी कुसाच्या बाजू तासत बसलो. हा शुद्ध मूर्खपणा. सांधा ढिला झाला, फट जागेवरच. ढिल्या कुसाला मग लाकडाची पातळ चकती चिकटवावी लागली.

आधी खोली बघा. भोक २४ मिमी, कुसू २२. तळाच्या कोपऱ्यात दबलेली एक ढलपी ही दोन मिमीची मोकळीक खाऊन टाकते. शिवाय एकाच पायात दोन बाजूंनी आलेली भोकं आत एकमेकांना मिळतात, म्हणून कुसाची टोकं ४५ अंशात तिरपी कापायची: लांब कड २२, आखूड १६. नाहीतर दुसरं कुसू पहिल्यावर आदळून थांबतं. भोकाच्या भिंती मध्येच फुगल्या असतील तर कुसाला पेन्सिलचं शिसं चोळून घाला. काळा डाग भिंतीवर जिथे उमटेल तेवढंच तासा.

एवढं करूनही माझी फट हटली नाही. दोष खांद्यात होता. कुसाच्या मुळाशी कोपऱ्यात करवतीने न कापलेले दोन-चार तंतू उरले होते, तेच आधी टेकत होते. बाहेरची कड चाकूच्या रेघेवर शाबूत ठेवून आतला भाग पटाशीने कागदाच्या जाडीइतका खोल केला, आणि फट मिटली. खुणेची रेघ पेन्सिलची असेल तर पटाशीला टेकायला जागाच मिळत नाही.

हो, भोकं पाडताना पायाची वरची टोकं २० मिमी जास्त लांब ठेवा. नाहीतर शेवटच्या ठोक्याला पाय उभा चिरतो. हा जास्तीचा तुकडा सांध्यांचा गोंद सुकल्यावर कापा.

गोंद लावला आणि तीच फट पुन्हा उघडली! बंद भोकात तळाशी साचलेल्या गोंदाला वाट नसते, तो कुसू मागे ढकलतो. गोंद भिंतींना पातळ लावा, तळाला नको. गोंदातल्या पाण्याने कुसू फुगतं, त्यामुळे ठोकाठोकी पाच मिनिटांत उरका. आधी समोरासमोरच्या दोन चौकटी, दुसऱ्या दिवशी उरलेल्या पट्ट्या. शिकंजा (क्लॅम्प) आवळल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते मोजा.

वरची फळी मात्र चिकटवू नका. ती हवेच्या ओलीप्रमाणे रुंदीत कमी-जास्त होते. पट्टीच्या खाचेत सरकणाऱ्या छोट्या लाकडी ठोकळ्यांनी धरा. खिळा-स्क्रू नको म्हटलं होतं, पण हे ठोकळे फळीला मी स्क्रूनेच लावले.