तुम्ही विचारलंत म्हणून: बीबीएसची (मॉडेमवरून चालणाऱ्या बुलेटिन बोर्डाची) एक लाइन चालते, मग चार का चालत नाहीत?

प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "४८६ पीसीवर डॉस आहे, एकाच वेळी चार कामं चालवायला डेस्कव्ह्यू आहे, चार मॉडेम आहेत. एकच लाइन जोडली तर बीबीएस दिवसभर कुरकुर न करता चालतो. चारही जोडल्या की एक उचलतच नाही, दुसरीवर कचरा येतो, तिसरीवर फाइल अर्ध्यावर अडकते. मॉडेम बदलून पाहिले, काही फरक नाही. कुठे बघू?"

मॉडेमकडे बघू नका, निदान आधी तरी. जी लाइन एकटी असताना धड चालते, तिचा मॉडेमही धड आहे आणि केबलही. चौघी एकत्र आल्यावर बिघडतं, म्हणजे दुखणं त्यांच्या सामायिक गोष्टींत आहे: इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला मारायची हाक), प्रोसेसरचा वेळ, डिस्कवरच्या फाइली आणि टेलिफोन एक्स्चेंजमधलं हंटिंग (एंगेज लाइनीवरचा कॉल पुढच्या लाइनीवर टाकणं).

बीबीएस ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक संगणक फोन लाइनला जोडून ठेवायचा, लोकांनी मॉडेमवरून तो नंबर लावायचा, निरोप वाचायचे, लिहायचे, फाइली उतरवून घ्यायच्या. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्युस यांनी असा पहिला बोर्ड फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागोत सुरू केला. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांना खुलं केलं, त्याआधी मुंबईतही असे बोर्ड चालत होते. एका लाइनीवर एका वेळी एकच माणूस बसतो, म्हणून लाइनी वाढवाव्या लागतात, आणि तिथूनच ही सगळी कटकट सुरू होते. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

सुरुवात इंटरप्टपासून. मॉडेम जोडायच्या सिरियल पोर्टांना पीसी कॉम१, कॉम२ असं म्हणतो. कॉम१ चा पत्ता ३एफ८ आणि इंटरप्ट ४, कॉम२ चा २एफ८ आणि ३. कॉम३ चा पत्ता ३ई८, पण इंटरप्ट पुन्हा ४. कॉम४ चा २ई८, आणि इंटरप्ट पुन्हा ३. पत्ते चार, इंटरप्ट दोनच. आयएसए बसवर, म्हणजे कार्डं बसतात त्या खाचांच्या सामायिक तारांवर, दोन साधी कार्डं एक इंटरप्ट वाटून घेऊ शकत नाहीत. एक कार्ड ती तार खाली धरून बसतं, दुसरं वर ओढतं, आणि त्या ओढाताणीत इंटरप्ट कंट्रोलरला हवी असलेली चढती कड दिसतच नाही. कॉम१ वर कोणी बसलेलं असताना कॉम३ उघडला की दोन्ही गप्प होतात ते यामुळे. त्यात कॉम१ ला माउस लावलेला असेल तर तो आधी काढा. बीबीएसला माउसचं काही काम नाही.

उपाय जंपरचा, म्हणजे कार्डावरच्या हलवता येणाऱ्या छोट्या जोडणीचा. कॉम३ ला इंटरप्ट ५ द्या. दुसरा प्रिंटर पोर्ट किंवा साउंड कार्ड नसेल तर तो मोकळा असतो. कॉम४ साठी कार्ड १६ बिटचं, म्हणजे मागे जादा छोटा कनेक्टर असलेलं असेल, तर १०, ११, १२ किंवा १५ मधला एक मिळतो. ८ बिटच्या कार्डाला ७ च्या पुढचे इंटरप्ट पोचतच नाहीत. त्याला २ वर ठेवा, जो एटी मशिनवर ९ म्हणून दिसतो. बोर्डाचं सॉफ्टवेअर आणि फॉसिल ड्रायव्हर (सॉफ्टवेअर आणि पोर्ट यांच्यातला दुवा: एक्स००, बीएनयू वगैरे) यांनाही तोच आकडा सांगायला विसरू नका. फॉसिल पोर्ट शून्यापासून मोजतो: कॉम१ म्हणजे पोर्ट ०. या एका आकड्याच्या चुकीने माणसं रात्र रात्र घालवतात.

कॉम४ च्या बाबतीत एक खास सापळा आहे. २ई८ हा पत्ता ८५१४/ए जातीची व्हिडिओ कार्डं वापरतात, आणि त्यांच्या वळणावर बनलेली एस३ ची कितीतरी कार्डंही. असं कार्ड मशिनमध्ये असेल तर कॉम४ कधी सापडतो, कधी नाही. इथे जंपर हलवत बसण्यापेक्षा व्हिडिओ कार्डच बदला. बोर्डाला साधं व्हीजीए पुरतं.

मशिनला काय दिसतंय ते पाहायला डॉसमधला डीबग उघडा आणि टाइप करा: डी ४०:० एल ८. उत्तरात एफ८ ०३ एफ८ ०२ ई८ ०३ ई८ ०२ आलं तर बायोसने, म्हणजे मशिन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रामने, चारही पोर्ट नोंदवलेत. पत्त्याचे दोन भाग उलटे दिसतात, तसंच वाचायचं. काही बायोस पहिले दोनच नोंदवतात, तेव्हा पुढे शून्यं दिसली म्हणून कार्ड मेलं असं लगेच समजू नका. मग डॉस ६ बरोबर येणारा, मशिनची माहिती दाखवणारा एमएसडी चालवून प्रत्येक पोर्टावर कोणती यूएआरटी (अक्षरं घेणारी-पाठवणारी) चिप आहे ते लिहून ठेवा. पुढचा प्रश्न त्याच चिपचा आहे.

८२५० आणि १६४५० या चिपमध्ये आलेलं एकच अक्षर ठेवायला जागा असते. पोर्ट सेकंदाला ५७,६०० बिटवर बांधलेला असेल तर सेकंदाला ५,७६० अक्षरं येऊ शकतात, म्हणजे दर १७४ मायक्रोसेकंदाला एक. तेवढ्यात प्रोसेसरने ते उचललं नाही तर पुढचं त्याच्यावर येऊन पडतं आणि पहिलं गेलंच. एका लाइनीवर हे कसंबसं जमून जातं. चार लाइनी भरात असतील तर सेकंदाला २३,०४० इंटरप्ट होतात, मध्ये डेस्कव्ह्यू खिडक्या बदलतंय, मेमरी मॅनेजर आणि डिस्क कॅश थोडा थोडा वेळ इंटरप्ट बंद ठेवतायत, अक्षरं गळणारच. १६५५०ए मध्ये १६ अक्षरांचा साठा आहे. त्यात किती अक्षरं जमल्यावर हाक मारायची ते १, ४, ८ किंवा १४ असं ठरवता येतं. कित्येकजण १४ ठेवतात, कारण इंटरप्ट कमी होतात. चार लाइनींच्या मशिनवर मी ८ ठेवायला सांगतो. १४ वर हाक मारल्यानंतर जेमतेम दोन अक्षरांची जागा उरते, म्हणजे साधारण ३५० मायक्रोसेकंद. ८ वर जवळजवळ १.४ मिलिसेकंद मिळतात, आणि हीच सवड महत्त्वाची.

शेवटचा 'ए' नसलेल्या मूळ १६५५० चा साठा सदोष होता, तो नको. जुन्या कार्डावर ४० पायांची १६४५० सॉकेटमध्ये बसवलेली असेल तर काम सोपं: वीज बंद, चपट्या स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही टोकं आळीपाळीने जराजरा उचलायची, आणि त्याच जागी १६५५०ए बसवायची, खाच होती त्याच बाजूला ठेवून. चिप डाखाने जोडलेली असेल तर नवं कार्ड घेणं शहाणपणाचं.

अक्षरं गळतायत की फोन लाइनच खराब आहे, हे ओळखायची एक खूण आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. दोन मॉडेम व्ही.४२ ने, म्हणजे चुका स्वतः सुधारायच्या पद्धतीने, जोडले गेले असतील तर लाइनीवरची खरखर मॉडेम आपसांत निस्तरतात. चुकलेला तुकडा पुन्हा मागवून घेतात. फाइल पाठवणाऱ्या झेडमोडेमला तेव्हा फक्त वेग मंदावलेला दिसतो, चुका दिसत नाहीत. म्हणून व्ही.४२ च्या जोडणीवर झेडमोडेम सीआरसीच्या (तुकडा धड पोचला का याच्या पडताळणीच्या) चुका दाखवत असेल तर त्या टेलिफोन खात्याच्या माथी मारू नका. त्या मॉडेम आणि मशिन यांच्या मधल्या दीड मीटरात होतायत, या टोकाला किंवा त्या. चुका येणाऱ्या फाइलींत असतील तर तुमच्याकडे यूएआरटीचा साठा चालू आहे का बघा. जाणाऱ्या फाइलींत असतील तर आधी आपला हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे 'थांब' आणि 'पाठव' सांगणाऱ्या आरटीएस-सीटीएस या तारा, तपासा. तो ठीक असेल तर अक्षरं कॉल करणाऱ्याच्या मशिनवर गळतायत. उलट चुका शून्य, पण १४,४०० च्या जोडणीवर झिप फाइलीला सेकंदाला १,६०० अक्षरांऐवजी ९०० मिळतायत, तर लाइन खरंच खराब आहे. पहिल्या पावसानंतर असं झालं तर भिंतीबाहेरच्या डबीतला जोड उघडून पाहा, हिरवट गंज चढलेला दिसेल.

कनेक्ट होताक्षणी कचरा येतो, ही तक्रार वेगळी. मॉडेम 'कनेक्ट १४४००' म्हणतो आणि सॉफ्टवेअर त्याचं ऐकून पोर्टही १४,४०० वर नेतं, मॉडेम मात्र मशिनशी ३८,४०० वरच बोलत राहतो. पोर्टाचा वेग फॉसिलमध्ये आणि बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे बांधून टाका. चारांपैकी तीन नोडांवर (नोड म्हणजे एक लाइन आणि तिच्यावर चालणारी बोर्डाची प्रत) बांधलाय आणि चौथ्यावर राहून गेलाय, असं सर्रास सापडतं.

मॉडेमची दोन सेटिंग एका लाइनीवर खपून जातात, चारांवर अंगाशी येतात. &सी१ नसेल तर समोरच्याने फोन ठेवला तरी बोर्डाला माणूस लाइनीवरच दिसतो, आणि पुढचा कॉल करणारा थेट आधीच्याच्या खात्यात जाऊन बसू शकतो. &डी२ नसेल तर बोर्डाने डीटीआर, म्हणजे मशिन हजर असल्याची खूण, खाली केला तरी मॉडेम फोन ठेवत नाही. दोन्ही करून &डब्ल्यू ने साठवा. केबलमध्ये नुसत्या तीन तारा असतील तर यातलं काहीच चालणार नाही, नऊच्या नऊ लागतात. आणि एस२=२५५ करून ठेवा, म्हणजे कोणाच्या मजकुरातल्या तीन अधिक चिन्हांनी मॉडेम कमांडच्या अवस्थेत जाणार नाही.

आता फाइली. डेस्कव्ह्यूच्या आधी शेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावणारा डॉसचा प्रोग्राम, लोड झालंच पाहिजे: शेअर /एफ:४०९६ /एल:२००. कुलपांचा मूळ आकडा २० असतो, चार नोडांना तो अपुरा पडतो. शेअर नसेल तर दोन नोड एकाच वेळी निरोपांच्या फाइलीत लिहितात आणि अनुक्रमणिका फाटते. डिस्क कॅश सांभाळणाऱ्या स्मार्टड्राइव्हला 'सी+' देऊ नका, नुसतं 'सी' द्या. वाचनाची कॅश राहू दे, लेखनाची नको. मशिन अडकून रिसेट करावं लागलं तर न लिहिलेलं सगळं जातं.

"दुसऱ्या लाइनीवरच्या माणसाने गेम उघडला आणि पहिल्या लाइनीवरच्याच्या स्क्रीनवर तो आला." हे भूत नाही. बोर्ड डोअरला (बोर्डावरून चालणाऱ्या गेमसारख्या बाहेरच्या प्रोग्रामला) माणसाचं नाव, पोर्ट, उरलेला वेळ एका छोट्या फाइलीतून कळवतो, उदाहरणार्थ डोअर.एसवायएस. चारही नोड ती एकाच डिरेक्टरीत लिहीत असतील तर शेवटी लिहिणाऱ्याची टिकते. प्रत्येक नोडला स्वतःची डिरेक्टरी द्या, आणि तात्पुरत्या फाइलींची जागाही वेगळी.

राहिलं हंटिंग, आणि माझ्या मते बोर्ड सर्वांत जास्त इथे मरतात, मालकाला पत्ताही न लागता. एकच नंबर जाहीर करायचा, पहिली लाइन एंगेज असेल तर एक्स्चेंजने कॉल दुसरीवर टाकायचा, मग तिसरीवर. पण एक्स्चेंजला दोनच गोष्टी कळतात, एंगेज किंवा मोकळी. रिंग जातेय आणि कोणी उचलत नाही, ही लाइन त्याच्या लेखी मोकळी. पहिला नोड अडकून पडला की येणारा प्रत्येक कॉल तिथेच वाजत राहतो. उरलेले तीन नोड उत्तम चालू, आणि एकही माणूस येत नाही.

म्हणून नोड बंद करणारी प्रत्येक बॅच फाइल लाइन एंगेज करूनच संपली पाहिजे. फॉसिलने पोर्ट सोडला की दोन ओळी: मोड कॉम२:९६००,एन,८,१ आणि मग एको एटीएच१ > कॉम२. मॉडेमचा ओएच (फोन उचललेला असल्याचा) दिवा लागला का ते डोळ्यांनी पाहा. डीटीआर खाली असेल तर &डी२ मुळे तो फोन परत ठेवेल; तसं होत असेल तर प्रत्येक लाइनीला एक साधा फोन समांतर लावा आणि वेळ आली की रिसीव्हर बाजूला काढून ठेवा. गावंढळ दिसतं, पण मशिन पूर्ण बंद असतानाही चालतं.

उलटा बिघाडही असतो: कायम एंगेज राहिलेली लाइन. हंटिंग तिला निमूट वगळतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन तारांवर धरा. फोन ठेवलेला असताना सुमारे ४८ व्होल्ट दिसले पाहिजेत. ६ ते १२ दिसले तर काहीतरी ती लाइन उचलून बसलंय, बहुधा वीज गेल्या-आल्यावर अडकलेला मॉडेम.

तांब्याच्या लाइनीऐवजी फायबरच्या डब्यातून किंवा एटीए (साधा फोन इंटरनेटला जोडणारा डबा) वापरून फोन घेतला असेल तर कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करायची पद्धत, जी.७११च हवा, जी.७२९ वर मॉडेम जोडला जाणार नाही. शांततेत आवाज कापणं आणि इको कॅन्सलेशन बंद करा, जिटर बफर स्थिर ठेवा आणि मॉडेमचा वेग ९,६०० वर बांधा. ऑफिसचं ईपीएबीएक्स, म्हणजे छोटं खासगी एक्स्चेंज, वापरून घरच्या घरी बोर्ड चालवणाऱ्यांना 'नो डायलटोन' येत असेल तर कॉल करणाऱ्या मॉडेमला एक्स४ ऐवजी एक्स३ द्या. एक्स४ वर मॉडेम डायल टोनची वाट पाहतो, आणि इंटरकॉमचा टोन तो ओळखत नाही.

दुरुस्ती झाली की एकेक लाइन तपासून खूश होऊ नका. चार मशिनवरून चार कॉल लावा, चारही एकाच वेळी एकेक मेगाबाइटची झिप चढवू द्या, आणि त्या चालू असताना बोर्डाच्या मशिनवर डिस्कची मोठी कॉपी सुरू करा. १४,४०० वर या फायली चढायला साधारण अकरा मिनिटं लागतात. त्यात एकही सीआरसी चूक दिसली तर यूएआरटीकडे परत जा.