मामांचं सिको ५: अडकलेली पिन सुटली, आता गाडी एंड लिंकवर

सुटली! डायलच्या सहाच्या बाजूच्या डाव्या लगमध्ये (लग म्हणजे चेन धरणारी घड्याळाची चार शिंगं) तुटून बसलेलं स्प्रिंग बारचं, म्हणजे चेन अडकवणाऱ्या दाबाच्या पिनचं, टोक अखेर पूर्ण निघालं. लूप (डोळ्याला लावायचं भिंग) लावून पाहिलं तर भोकाच्या तळाशी स्वच्छ स्टील, भोकाची कडा शाबूत, लगवर एक ओरखडा नाही. ड्रिल न मारता हे झालं याचा आनंद इतका आहे की नव्या चेनचं सगळं बाजूला ठेवून आधी हेच लिहायला बसलोय.

जुनी चेन बदलायची ठरली तेव्हापासून मला या भोकांचीच धास्ती होती. मामा कुवेतहून परत आल्यावर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात ट्रॉलरच्या धंद्यात पडले आणि हे घड्याळ मनगटावर ठेवूनच मासळीत, बर्फात, खाऱ्या पाण्यात वावरले. केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, स्टेनलेस, तिला फार काही झालं नाही. पण लगमधले स्प्रिंग बार साध्या पोलादाचे निघाले. पत्र्याच्या एंड लिंकची (चेनची केसला टेकणारी शेवटची कडी) पोकळी म्हणजे खाऱ्या पाण्याला आयती जागा. पाणी वाळतं, मीठ राहतं, पावसाळ्यातली दमट हवा ते पुन्हा ओलं करते आणि आत गंज फुगत जातो. टोक पाचर ठोकल्यासारखं बसतं. पुण्या-नाशकाकडच्या मंडळींना हा त्रास कमी असावा. आपल्या किनारपट्टीवर वारशाने आलेलं चेनचं घड्याळ हातात घेतलंत तर मशीनच्या आधी लगची भोकं बघा.

बाराची बाजू बर्गिऑन ६७६७ या स्प्रिंग बार काढायच्या हत्याराने सरळ सुटली. (हे हत्यार महाग वाटतं, पण बारीक फोर्क आणि न वाकणारी टोकं यांचे पैसे एका कामात वसूल होतात. डझनावारी मिळणाऱ्या स्वस्त सेटमधलं हत्यार मऊ असतं, ते निसटून लगवर चरा पाडतं.) सहाच्या बाजूला मात्र बार दबेचना. शेवटी सोनाराची बारीक करवत लग आणि एंड लिंकच्या फटीतून घालून बार कापला. उजवं टोक गंज सैल करणाऱ्या तेलाने हललं आणि चिमट्यात आलं. डावं जागचं हललं नाही.

बाजारपेठेतले घड्याळवाले काका म्हणाले, "आरपार ड्रिल मारू, पाच मिनिटांचं काम." त्यांचा हात चांगला आहे, पण मला ते मान्य नव्हतं. या केसला बाहेरून भोकं नाहीत, लगच्या बाहेरची बाजू पॉलिशची आहे. एका लगला भोक आणि तीन कोरे, हे कायम दिसत राहिलं असतं. शिवाय पोलादी टोकावर बारीक बिट टेकली की ती घसरून बाजूच्या स्टीलमध्ये शिरायची भीती.

म्हणून तुरटी. पितळी प्लेटमध्ये तुटलेला स्क्रू काढायची घड्याळजींची ही जुनी युक्ती आहे. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, ते साधं पोलाद हळूहळू खातं. पितळाला ते फारसं लागत नाही आणि स्टेनलेसला त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थराचं संरक्षण असतं. काढलेल्या टोकाला चुंबक लावून पाहिलं, कडकडून चिकटलं. वर तांबूस गंजही होता, म्हणजे साधं पोलाद. स्टेनलेसचा बार अडकला असता तर हा उपाय चालला नसता. आणि प्लेटिंगच्या केसवर मी हे करणार नाही, जिथे थर उडालाय तिथे काय होईल याचा भरवसा नाही.

केस पूर्ण मोकळी केली: मशीन, डायल, क्राउन, काच, सगळे गॅस्केट बाहेर. मशीन (क्रमांक ७००९) झाकणाच्या डबीत बंद करून लांब ठेवलं, वाफ लागायला नको. किराणा दुकानातली तुरटी कुटून गरम पाण्यात विरघळेना होईपर्यंत टाकली, काचेच्या बरणीत केस बुडवली आणि बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. तुरटीचं पाणी थेट पातेल्यात घेऊ नका. पाणी ऊन असलं तरच काम पुढे सरकतं, गार झालं की जवळजवळ थांबतं. थोड्या वेळाने त्या एकाच भोकातून बारीक बुडबुड्यांची सरळ रेघ वर येऊ लागली. बाकी केसवर एकही बुडबुडा नाही! म्हणजे जिथे खायचं तिथेच खात होतं. ती रेघ बघत मी कितीतरी वेळ ओट्याशी उभा होतो.

मध्येच बुडबुडे थांबतात तेव्हा धीर सोडू नका. पोलादावर काळा मऊ थर जमतो, तो बांबूची काडी तासून खरवडून काढायचा. पाणी पिवळट झालं की बदलायचं. एका सकाळी काडीचं टोक आधीपेक्षा खोल गेलं आणि सोबत काळा चिखल बाहेर आला, तेव्हाच कळलं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात केस बुडवली, भरपूर साध्या पाण्याने धुतली आणि ड्रायरने भोकं कोरडी केली.

आता चेन. लग १९ मिमी, आणि आपल्याकडे बाजार १८ आणि २० चा. एका ऑनलाइन विक्रेत्याची "१९ ची" ज्युबिली (एका ओळीत पाच कड्यांची चेन) कॅलिपरखाली १८ भरली, परत पाठवली. दुसरीकडची खरोखर १९ ची आहे, कड्या भरीव आहेत, हाताला छान लागते. पण तिच्या एंड लिंकची गोलाई वेगळी आहे. केस आणि एंड लिंक यांच्यात मध्यभागी फट राहते आणि दोन्ही कडा लगच्या वर डोकावतात. चोरबाजारात जाऊन जुनी शोधायचा बेत होता. पण तिथल्या नव्याने रंगवलेल्या "मुंबई स्पेशल" डायलइतक्याच त्या चेनही बेभरवशाच्या, बफ मारून मारून पातळ केलेल्या असतात. ताणलेली चेन काढून ताणलेली चेन लावण्यात काय अर्थ?

थांबा, हे लिहिता लिहिताच एक सुचलं आणि उठून कॅलिपर घेऊन आलो. जुन्या चेनच्या दुमडलेल्या पत्र्याच्या कड्या गेल्यात, आडवी धरली की लोंबते. पण तिच्या एंड लिंक ठणठणीत आहेत, आणि त्या याच केससाठी बनलेल्या. त्यांची मधली खाच ९ मिमी. नव्या चेनच्या शेवटच्या कडीची नळी ९.६. म्हणजे खाच दोन्ही बाजूंनी ०.३ घासली की नवी चेन जुन्या एंड लिंकमध्ये बसते! फट गेली, गोलाईचा प्रश्न गेला, आणि चोरबाजारची फेरीही तूर्त रद्द.

चामड्याचा पट्टा हा सोपा मार्ग होता, पण मामी म्हणाल्या, "ते चेनचं घड्याळ आहे रे, पट्टा नको लावूस." त्यामुळे तो विषय पहिल्याच दिवशी संपला. वरून सिको उमटवलेला जुना क्लास्पही (चेन बंद करायचा खटका) वाचवायचाय. तो आणि नवी चेन दोन्ही १६ मिमी रुंदीला संपतात, तेव्हा जमावं.

जुन्या एंड लिंकच्या नळीत १.८ मिमी जाडीचा स्प्रिंग बार जात नाही, म्हणून १.५ चे मागवलेत, या वेळी ३१६एल स्टेनलेसचे. टोकांना सिलिकॉन ग्रीसचा ठिपका लावूनच बसवणार. ज्यांनी पत्र्याच्या एंड लिंकची खाच घासली आहे त्यांनी एवढंच सांगा: आत पितळेची पट्टी घालून घासलीत की लाकडात धरून? पत्रा दबला तर दुसरी जोडी मिळायची नाही, त्यामुळे उत्तर येईपर्यंत कानस हातात घेत नाही.